कोष्टके करणाऱ्याची बाजू

ई. टी. बेल यांचे गणितज्ञांच्या चरित्रांचे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९३७ साली निघाले. आमच्या पिढीत ज्यांना गणिताची गोडी लागली, त्यांतील पुष्कळांना ती या पुस्तकाने लागली. मीही त्यांतलाच. कॉलेजात असताना एका दिवाळीच्या सुटीत ते वाचले आणि नॉर्वेच्या नील्स हेन्रिक आबेलवरचे प्रकरण संपवून कितीतरी वेळ ओसरीवरच्या झोपाळ्यावर नुसता बसून राहिलो. दारिद्र्य, क्षय, वाट पाहणारी वाग्दत्त वधू, पॅरिसच्या विद्वानांनी अडगळीत टाकलेला प्रबंध, सव्विसाव्या वर्षी मृत्यू, आणि मृत्यूनंतर दोनच दिवसांनी बर्लिनहून निघालेले नोकरीचे पत्र. खुद्द गडकऱ्यांनी असे कथानक रचले असते, तरी ‘जरा हात आखडता घ्या’ असे कुणीतरी त्यांना सुचवले असते. बेल यांनी प्रकरणाला नावच ‘प्रतिभा आणि दारिद्र्य’ या अर्थाचे दिले आहे. पुढे मराठीतून आबेलविषयी जे जे वाचनात आले, त्यातही बहुधा हीच गोष्ट याच क्रमाने भेटली.

निवृत्तीनंतर ते पुस्तक पुन्हा हाती घेतले, तेव्हा एक गोष्ट खटकली. आबेलच्या कीर्तीचा मुख्य आधार म्हणजे विवृत्तीय फलनांचा सिद्धांत. या सिद्धांताच्या पहिल्या अंकात जी पात्रे येतात, त्यांतील ऑयलर, गाउस, कोशी, आबेल, याकोबी या प्रत्येकाला बेल यांनी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. ज्याने या विषयाला चाळीस वर्षे दिली, ज्याच्या ग्रंथावरून आबेल आणि याकोबी दोघेही विषय शिकले, त्या आद्रीअँ मारी लझांद्रला मात्र प्रकरण नाही. तो इतरांच्या प्रकरणांत येतो आणि जातो. बहुधा चुकण्यासाठी किंवा विसरण्यासाठी येतो. दुर्दैव असे की या माणसाला चेहराही उरला नाही. पिढ्यान्‌पिढ्या गणिताच्या पुस्तकांत लझांद्र म्हणून जे चित्र छापले जात होते, ते लुई लझांद्र नावाच्या राज्यक्रांतीच्या काळातील एका राजकारण्याचे निघाले. ही चूक २००५ च्या सुमारास उघड झाली. गणितज्ञ लझांद्रचे म्हणून खात्रीने सांगता येईल असे एकच चित्र हाती लागले आहे आणि ते बोइली नावाच्या चित्रकाराने १८२० साली काढलेले व्यंगचित्र आहे.

बेल यांच्या लेखणीची ताकद मान्य करूनही या मांडणीशी माझे भांडण आहे. ते केवळ एका म्हाताऱ्याला न्याय मिळावा म्हणून नाही. लझांद्रला बाजूला ठेवल्यामुळे गणित नेमके कुठे वळले, हेच वाचकाला चुकीचे सांगितले जाते, असे मला वाटते.

प्रथम विषय थोडक्यात पाहू. ज्यांचा गणिताशी संबंध शाळेबरोबर संपला, त्यांनीही बिचकू नये. झोपाळ्यापासूनच सुरुवात करतो. आमच्या लहानपणी शिक्षक सांगत की लंबकाचा झोका लहान असो वा मोठा, त्याला लागणारा वेळ सारखाच. हे खरे आहे, पण झोका लहान असेल तोवरच. झोपाळा दोन्ही बाजूंना साठ अंशांपर्यंत नेला, तर एका फेरीला लागणारा वेळ सात टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो. कड्या आडव्या होईपर्यंत, म्हणजे नव्वद अंशांपर्यंत, नेला (घरातील वडीलधारी मंडळी बाहेर गेली असतील तरच हे शक्य असे), तर वाढ सुमारे अठरा टक्क्यांची होते. हा वेळ नेमका किती, ते काढायला गेले की एक समाकल समोर येतो, म्हणजे असंख्य सूक्ष्म तुकड्यांची बेरीज. शाळेत शिकलेल्या कोणत्याही सूत्राने तो सुटत नाही. वर्तुळाच्या कंसाची लांबी काढताना वर्गमुळाखाली दुसरा घात येतो. इथे चौथा घात येतो आणि सारा मामला बिघडतो. लंबवर्तुळाचा परीघ काढायला गेले तरी याच जातीचा समाकल भेटतो. याकोब बेर्नुलीने १६९४ साली मांडलेल्या लेम्निस्केट या वक्राची लांबी काढायला गेले तरी तोच. (हा वक्र म्हणजे इंग्रजी आठाचा आकडा आडवा पाडलेला, आपल्या ‘८’ शी त्याचा संबंध नाही.)

या कुळातील समाकलांना लंबवर्तुळावरून नाव पडले. तेही अपघातानेच, कारण पुढे ज्या फलनांनी एवढी कीर्ती मिळवली त्यांचे नाते लंबवर्तुळापेक्षा आपल्या झोपाळ्याशी अधिक जवळचे आहे. मराठी परिभाषेने लंबवर्तुळाला ‘विवृत्त’ म्हटले, म्हणून ही ‘विवृत्तीय फलने’ झाली. सीमाभागातील मुलाची इथे आणखी एक गंमत होते. घरी तो ‘लंबवर्तुळ’ म्हणतो, कन्नड पुस्तकात ‘दीर्घवृत्त’ वाचतो आणि विश्वकोश उघडला की ‘विवृत्त’ पाहतो. तीन नावे पाठ झाली तरी या फलनांचा त्या आकृतीशी जवळचा संबंध नाही, हे त्याला कुणी सांगत नाही.

सिद्धांताचा पहिला धागा इटलीतील सेनिगालिया या छोट्या गावी राहणाऱ्या जूलिओ कार्लो फान्यानो या सरदाराच्या हाती लागला. लेम्निस्केटचा एखादा कंस घेतला, तर त्याच्या बरोबर दुप्पट लांबीचा कंस केवळ पट्टी व कंपासाने काढता येतो, हे त्याने १७१८ च्या सुमारास दाखवले. लांबी स्वतः मोजता येत नाही, तरी दुप्पट करता येते! गावकुसातल्या या माणसाचे संकलित लेखन १७५० साली छापले गेले. २३ डिसेंबर १७५१ रोजी ते बर्लिनच्या अकादमीत ऑयलरच्या हाती पडले. पुढे याकोबीने हाच दिवस विवृत्तीय फलनांचा जन्मदिवस मानला. दुपटीवरून ऑयलर कोणत्याही दोन कंसांच्या बेरजेपर्यंत पोहोचला. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ‘ज्योत्पत्ती’त दोन चापांच्या बेरजेची ज्या काढण्याचा नियम दिला आणि त्याला ‘समासभावना’ असे सुंदर नाव दिले. ऑयलरचे सूत्र ही या नव्या वक्रांची समासभावना होय.

लगेच एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. भास्कराचार्यांना विवृत्तीय फलने ठाऊक होती असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्यांचे गाव विज्जडविड. ते विजापूर की चाळीसगावजवळचे पाटण, यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली आहे, आणि त्या वादात दोन राज्यांचा अभिमान कसा मिसळतो हे आपण सीमावासीयांनी इतरांपेक्षा जास्त पाहिले आहे. तोच अभिमान गणिताच्या इतिहासात आणण्याचे कारण नाही. पण भास्कराचार्यांचे उदाहरण मी एका निश्चित कामासाठी घेतले आहे. आपल्या ज्योतिषात प्रश्न नेहमी असा असे : चाप दिले आहे, ज्या काढा. युरोपातील समाकलाचा प्रश्न उलट होता : ज्या दिली आहे, चाप किती? वर्तुळाच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न सारखेच सोपे आहेत, म्हणून कुणाला फरक जाणवत नाही. विवृत्तीय समाकलात पहिला प्रश्न सुटसुटीत आहे आणि दुसरा अडचणीचा. आणि ऑयलरपासून लझांद्रपर्यंत सर्वांनी तोंड दिले ते अडचणीच्या प्रश्नाला.

लझांद्रचा जन्म १७५२ सालचा. या समाकलांवरचे त्याचे पहिले लेखन १७८६ चे. १८११ ते १८१७ या काळात त्याचे समाकलनावरचे तीन खंड निघाले. त्यानंतर १८२५ पासून विवृत्तीय फलनांवरचा मोठा ग्रंथ येऊ लागला. असंख्य वेगवेगळे दिसणारे समाकल त्याने तीन जातींत बसवले. ही वर्गवारी आजही तशीच शिकवली जाते. झोपाळ्याचा वेळ पहिल्या जातीत येतो, लंबवर्तुळाचा परीघ दुसऱ्या. मग त्याने कोष्टके केली. कोनाच्या अंशाअंशाला, नऊ-दहा आणि काही कोष्टकांत त्याहूनही अधिक दशांश स्थळांपर्यंत, आणि सारे हाताने. या काळात राज्यक्रांती झाली, त्याची मालमत्ता गेली, सम्राट आला आणि गेला. १८२४ साली सरकारने पुढे केलेल्या उमेदवाराला मत द्यायला त्याने नकार दिला म्हणून त्याचे निवृत्तिवेतन बंद झाले. बाहत्तराव्या वर्षी उत्पन्न गेल्यावरही त्याने कोष्टके पुरी केली.

कोष्टके करणाऱ्याला आपल्या समाजात मान होता, हे जुन्या घरांतून वाढलेल्यांना सांगायला नको. केरूनाना छत्र्यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ काढली. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४ ते १९३०) हे तर आपल्याच मुलखातले. नरगुंदला जन्म, बागलकोटला शाळामास्तरकी, आणि संसार व नोकरी सांभाळून ‘ज्योतिर्गणित’ व ‘केतकी’ ग्रहगणित. कन्नड मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरातील हा माणूस रात्री आकाश पाही आणि दिवसा आकडे मांडी. त्यांच्या अयनांशावर चालणारी पंचांगे आपल्या घरी आजही लागतात. आकड्यांमागचा माणूस मात्र फारसा कुणाला आठवत नाही. कोष्टकांचे हे प्राक्तनच असावे. ती जितकी बिनचूक, तितका त्यांचा कर्ता अदृश्य. लझांद्रची कोष्टकेही अशीच टिकली. त्यांच्यात सुधारणा करावी असे न वाटल्यामुळे कार्ल पिअर्सन यांनी १९३४ साली लंडनहून ती आहेत तशी पुन्हा छापली. बेल यांचे पुस्तक त्यानंतर तीनच वर्षांनी आले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बेल यांच्या कथनाचा सूर असा की चाळीस वर्षे राबूनही लझांद्रला जी साधी उलटापालट सुचली नाही, ती आबेलने एका झटक्यात केली. समाकलावरून चाप काढण्याऐवजी चापावरून ज्या काढली की झाले. याकोबीच्या तोंडी घातले जाणारे ‘नेहमी उलटे करून पाहावे’ हे वचनही इथे हटकून येते. गोष्ट म्हणून हे छान आहे. पण ज्याने लॉगॅरिदमचे कोष्टक वापरले आहे, त्याला विचारा. लॉग काढून बेरीज केली की तोच माणूस त्याच कोष्टकात उलट्या बाजूने शिरून उत्तर काढतो. कोष्टक करणारा दोन्ही दिशांनी वाचतो, तो त्याचा धंदाच आहे. लझांद्रच्या कोष्टकात वेळेवरून कोन शोधणे म्हणजे फक्त बोट उजव्या रकान्यावरून डाव्या रकान्यावर नेणे. एवढीच उलटापालट असती तर तिच्यासाठी प्रतिभेची गरज नव्हती.

आबेलने केले ते याहून फार वेगळे. उलटून मिळालेल्या फलनात त्याने कल्पित संख्या घातल्या. उणे एकच्या वर्गमुळावर उभ्या असलेल्या या संख्यांकडे लझांद्र हिशेबाची सोय म्हणून पाहत असेल. त्या मुलखात जाऊन राहण्याचा विचार त्याच्या ग्रंथात नाही. आबेल तिथे गेला आणि त्याला दिसले की हे फलन दोन दिशांनी पुनरावृत्त होते. ज्येची पुनरावृत्ती एकाच दिशेने होते. वर्तुळाची फेरी पुरी झाली की पुन्हा तेच आकडे. या नव्या फलनाला दोन आवर्त आहेत. दारातील ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणावी. कोणत्याही ठिपक्यापासून ठरावीक अंतर उजवीकडे गेले तरी तीच नक्षी, ठरावीक अंतर वर गेले तरी तीच. दोन्ही दिशांनी पसरत जाणारे असे जाळे लझांद्रच्या कोष्टकात दिसणे शक्यच नव्हते, कारण कोष्टकात रांगोळीची एकच ओळ होती. त्या ओळीतला प्रत्येक ठिपका मात्र त्याने दहा दशांश स्थळांपर्यंत बिनचूक मांडून ठेवला होता.

तेव्हा लझांद्रची मर्यादा खरीच आहे. फक्त ती बेल सांगतात तिथे नाही. ‘साधी गोष्ट सुचली नाही’ असे म्हटले की म्हातारा मठ्ठ ठरतो आणि तरुणाचे काम सोपे ठरते. दोघांवरही अन्याय होतो. मला तर वाटते, आबेलवरचा अन्याय अधिक मोठा आहे.

गाउसला हे जाळे आबेलच्या तीस वर्षे आधी दिसले होते. जानेवारी १७९७ मध्ये लेम्निस्केटवर काम सुरू केल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. ३० मे १७९९ रोजी त्याने दोन अगदी वेगळ्या मार्गांनी काढलेली एक संख्या अकरा दशांश स्थळांपर्यंत जुळलेली पाहिली आणि विश्लेषणाचे नवे क्षेत्र खुले होणार अशा अर्थाची नोंद केली. म्हणजे तोही सिद्धांतापर्यंत आकडेमोडीतूनच पोहोचला. पण त्याने यातले काही छापले नाही. १८२८ च्या मार्चमध्ये एका मित्राला त्याने कळवले की आबेलने आपला सुमारे एक तृतीयांश भार हलका केला आहे. हे वाक्य कौतुकाचे की मालकी सांगणारे, हे ज्याने त्याने ठरवावे. लझांद्रला यापूर्वी त्याचा एक चटका बसलाच होता. लघुतम वर्गांची रीत लझांद्रने १८०५ साली छापली. १८०९ साली गाउसने ती छापताना आपण ती १७९५ पासून वापरतो असे सांगितले. विवृत्तीय फलनांबाबतही तेच पुन्हा कानावर आले, तेव्हा म्हातारा संतापला आणि याकोबीला लिहिलेल्या पत्रात त्याने तो संताप लपवला नाही.

याकोबीचे पहिले पत्र लझांद्रला आले ते ऑगस्ट १८२७ मध्ये. याकोबी बावीस वर्षांचा, लझांद्र पंचाहत्तरीला टेकलेला. तरुणाने रूपांतरणाविषयीचा एक व्यापक नियम कळवला होता, पण सिद्धता दिली नव्हती. लझांद्रने आपल्या पद्धतीने तो पडताळून पाहिला, खरा ठरला, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या अकादमीपुढे त्याने स्वतः त्याची वाच्यता केली. आबेलचा लेख त्याच सप्टेंबरात बर्लिनच्या क्रेले यांच्या नियतकालिकात आला. तिथून पुढे दोन तरुणांची जी चढाओढ लागली, तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी थांबत नाही. मला थांबावेसे वाटते ते त्या दोघांच्या पुढ्यात उभ्या असलेल्या वाचकापाशी. आयुष्यभराचा ग्रंथ नुकताच छापून झालेला आहे, शाई वाळली नाही तोच दोन पोरे येतात आणि तो ग्रंथ जुना करून टाकतात. असे झाल्यावर माणूस काय करतो?

एक गोष्ट त्याने वाईट केली. ३० ऑक्टोबर १८२६ रोजी आबेलने पॅरिसच्या अकादमीला आपला मोठा प्रबंध दिला. परीक्षक कोशी आणि लझांद्र. कोशीने तो घरी नेऊन बाजूला ठेवला आणि लझांद्रने पाठपुरावा केला नाही. मार्च १८२९ मध्ये याकोबीने त्याला जाब विचारला, की शतकातील एवढा महत्त्वाचा शोध तुमच्या हाती दोन वर्षे असताना तुम्हाला दिसला कसा नाही. लझांद्रने उत्तर दिले की हस्ताक्षर वाचता येत नव्हते, शाई फारच फिकी होती. हे उत्तर ८ एप्रिलचे आहे. आबेल ६ एप्रिलला गेला होता. ही सबब मी वकिलाच्या भूमिकेतूनही मांडणार नाही. प्रबंध छापून आला १८४१ साली आणि त्यानंतर हस्तलिखितच नाहीसे झाले. त्याचा मोठा भाग १९५२ साली फ्लॉरेन्सच्या एका ग्रंथालयात सापडला.

पण बाकीचे पानही वाचले पाहिजे. पॅरिसला असताना आबेलने घरी लिहिले होते की लझांद्र मोठा सौजन्यशील आहे, पण दगडाइतका जुना. या जुन्या दगडाने सप्टेंबर १८२८ मध्ये आणखी तीन फ्रेंच विद्वानांबरोबर स्वीडन-नॉर्वेच्या राजाला पत्र लिहिले, की या तरुणाला योग्य जागा द्या. देश परका, तरुणाची फारशी ओळखही नाही. परीक्षक म्हणून आळस केलेला माणूस आणि या पत्राखाली सही करणारा माणूस एकच आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, हे ज्यांनी कोणत्याही शिक्षणसंस्थेत तीस वर्षे काढली आहेत त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. चरित्रकाराला मात्र एकच माणूस हवा असतो.

नावावरूनही खटका उडाला. ‘विवृत्तीय फलन’ हे नाव लझांद्रने आपल्या समाकलांना दिले होते. याकोबीने १८२९ च्या ग्रंथात ते उचलून उलटलेल्या फलनांना दिले आणि लझांद्रच्या पदरी ‘विवृत्तीय समाकल’ हे साधे नाव ठेवले. म्हाताऱ्याला ते रुचले नाही आणि त्याने तसे कळवलेही. आज सारे जग याकोबीचीच नावे वापरते. घर बांधले एकाने आणि दारावर पाटी लागली दुसऱ्याची, असाच हा प्रकार. तरीही त्याच वर्षी याकोबी पॅरिसला गेला तेव्हा दोघे भेटले आणि पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला.

आपल्या मराठी गणितज्ञांपैकी ही बाजू समजून घेऊ शकणारा एक माणूस होता, असे मला नेहमी वाटते. श्रीराम अभ्यंकर (१९३० ते २०१२) हे विवृत्तीय फलनांचे अभ्यासक नव्हते. त्यांचे क्षेत्र बैजिक भूमिती. उज्जैनला जन्म, वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक, ‘लीलावती’चे पाठ घरीच. अमेरिकेत नाव मिळवूनही पुण्यात १९७६ साली त्यांनी भास्कराचार्यांच्याच नावाने प्रतिष्ठान उभे केले. त्याच वर्षी अमेरिकेतील एका गणिताच्या मासिकात त्यांचा बैजिक भूमितीच्या इतिहासावरचा दीर्घ निबंध आला आणि त्याला पुढे १९७८ सालचे शोव्हने पारितोषिक मिळाले. निबंध म्हणूनही तो वाचण्याजोगा आहे. ऐसपैस, भांडखोर, मध्येच पद्य रचणारा. त्यातील भांडण असे की, हाताने समीकरणे सोडवण्याचे, एकेक अव्यक्त काढून टाकण्याचे जुने बीजगणित अमूर्त सिद्धांतवाल्यांनी हलके ठरवले, आणि ते चूक आहे. भांडण मुख्यतः आंद्रे व्हेल यांच्याशी होते. अलीगढला असताना आपल्या गोव्याच्या दामोदर कोसंबींना तिथे आणणारे ते हेच व्हेल. १९४६ च्या ग्रंथात त्यांनी या जुन्या बीजगणिताचा उरलासुरला अंशही आता जाईल अशी आशा व्यक्त केली होती. पण गंमत पाहा. याच व्हेल यांचे विवृत्तीय फलनांवरचे पुस्तकही १९७६ सालचेच, आणि ते आहे आयझेनस्टाइन व क्रोनेकर या जुन्या मंडळींच्या विस्मृत रीती पुन्हा उजेडात आणणारे. नव्याचा कैवार घेणारा माणूस अखेर जुन्या आकडेमोडीच्या दाराशी आला. अभ्यंकरांनी लझांद्रचा कैवार घेतला असे मी म्हणत नाही. पण हिशेब करणाऱ्याकडे तुच्छतेने पाहू नये हा त्यांचा आग्रह बेल यांच्या पुस्तकासमोर ठेवला, की त्या न लिहिलेल्या प्रकरणाची जागा आपोआप दिसू लागते.

त्या प्रकरणाचा शेवटचा भागही तयारच आहे. १८२८ ते १८३२ या काळात लझांद्रने आपल्या ग्रंथाला तीन पुरवण्या जोडल्या. स्वतःच्या पुस्तकात त्याने याकोबीचे आणि आबेलचे शोध आपल्या भाषेत पुन्हा मांडले आणि ते त्यांचेच आहेत हे स्पष्ट सांगितले. तिसरी पुरवणी १८३२ सालची. तिचा विषय आबेलचा तो व्यापक सिद्धांत. एका प्राचीन रोमन कवीचे शब्द उसने घेऊन लझांद्रने त्याचा गौरव केला. आबेलला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती, आणि ज्या प्रबंधात हा सिद्धांत सर्वांत विस्ताराने आला होता तो अजून अकादमीच्या कागदांतच पडून होता. लझांद्रने सिद्धांत मान्य करून विषय मिटवला नाही. एकोणऐंशीव्या वर्षी त्याने उदाहरणे घेतली, समाकलांच्या किमती हाताने काढल्या, बेरजा केल्या आणि दोन्ही बाजूंचे आकडे दशांश स्थळांपर्यंत जुळतात की नाही ते ताडून पाहिले. ते जुळले. पुढच्या जानेवारीत तो वारला.